वाहन उद्योगाची मानके आणि कोकणातले कारखाने : वाचकांचे प्रश्न

मोटारी आणि दुचाकी बनवणाऱ्या कंपन्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या कोकणातील कारखानदारांकडून आणि तेथे काम करणाऱ्या तंत्रज्ञांकडून या सदरासाठी प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा रोख आयएटीएफ १६९४९ या, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्यांसाठी असलेल्या गुणवत्ता-व्यवस्थापनाच्या मानकाकडेच असल्यामुळे यावेळचे सदर त्यालाच दिले आहे. सारखे प्रश्न एकत्र केले असून पत्रलेखकांच्या विनंतीवरून नावे न छापता फक्त गावे दिली आहेत.

आम्ही खेर्डी औद्योगिक वसाहतीत सीएनसी लेथवर बुश आणि पिना करतो. माल चाकणच्या एका कंपनीकडे जातो आणि ती जोडणी करून पुढे मोटार कंपनीला देते. आमच्याकडे आयएसओ ९००१ चा, म्हणजे गुणवत्ता-व्यवस्थापनाच्या सर्वसाधारण मानकाचा, दाखला आहे. आता ग्राहकाने ‘आयएटीएफ घ्या’ असे पत्र पाठवले आहे. आयएसओ असताना हे वेगळे कशासाठी? हे कायद्याने सक्तीचे आहे का, आणि किती दिवस लागतील?
— एक उद्योजक, चिपळूण

कायद्याची सक्ती नाही. सक्ती ग्राहकाची आहे, आणि ती धंद्यात कायद्यापेक्षा जास्त बोचते, कारण दाखला नसेल तर दंड होत नाही, फक्त नव्या भागाची चौकशी आपल्याकडे येणे बंद होते.

वेगळे कशासाठी, याचे उत्तर थोडे मागे जाऊन द्यावे लागेल. अमेरिकेतील तीन मोठ्या मोटार कंपन्यांनी १९९४ मध्ये क्यूएस ९००० ही आपली अट पुरवठादारांपुढे ठेवली. जर्मनांची व्हीडीए ६.१ होती, फ्रेंचांची आणि इटालियनांची आपापली वेगळी होती. जो पुरवठादार दोन-तीन देशांत माल देई त्याला त्याच लेथसमोर वेगवेगळ्या तपासनिसांना उभे करून त्याच गोष्टी वेगवेगळ्या तक्त्यांत भरून दाखवाव्या लागत. हा जाच कमी करण्यासाठी कंपन्यांनी आणि त्यांच्या राष्ट्रीय संघटनांनी मिळून आयएटीएफ (इंटरनॅशनल ऑटोमोटिव्ह टास्क फोर्स) हा गट केला आणि १९९९ मध्ये आयएसओ टीएस १६९४९ आले. त्याच्या २००२ आणि २००९ मध्ये सुधारित आवृत्त्या निघाल्या. ऑक्टोबर २०१६ मध्ये या गटाने स्वतःच्या नावाने आयएटीएफ १६९४९ प्रसिद्ध केले आणि १४ सप्टेंबर २०१८ नंतर जुने दाखले संपले. आपल्याकडे शॉप फ्लोअरवर अजूनही ‘टीएसचे ऑडिट’ असेच म्हणतात. त्याने काही बिघडत नाही, पण भिंतीवरच्या धोरणपत्रात जुने नाव राहिलेले ऑडिटरच्या नजरेतून सुटत नाही.

आपले आयएसओचे काम वाया जात नाही, कारण आयएटीएफ १६९४९ एकटे वाचताच येत नाही. आयएसओ ९००१ ची २०१५ ची प्रत शेजारी ठेवून, त्याच दहा कलमांच्या सांगाड्यात वाहन उद्योगाच्या जादा अटी भरलेल्या आहेत असे समजून ते वाचायचे असते. फरक कुठे पडतो ते आपल्याच मालावर पाहू. १२ मिलिमीटर व्यासाची पिन आहे आणि व्यासाला ११ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) सूट, म्हणजे टॉलरन्स, आहे असे धरा. तासाला पाच नग मोजायचे ठरले आहे आणि ते मोजल्याची नोंद आहे, एवढ्यावर आयएसओचा तपासनीस बहुधा पुढे जाईल. आयएटीएफचा तपासनीस मागे जाईल. पाचच नग का, तासालाच का, हे कोणत्या धोक्याच्या विश्लेषणातून ठरले. ज्या मायक्रोमीटरने मोजता तो ११ मायक्रॉनमधला फरक ओळखण्याइतका विश्वासार्ह आहे हे कशावरून. सुरुवातीच्या नगांवर प्रक्रियेची क्षमता किती आली. आणि एखादा नग सुटीबाहेर गेला तर यंत्रावरचा माणूस त्या क्षणी काय करतो, मागच्या तासाभरातला माल कुठे वेगळा ठेवतो, हे तो कार्यालयात नव्हे तर यंत्रापाशी, त्या माणसालाच विचारेल. एपीक्यूपी (नव्या भागाचे दर्जा-नियोजन), पीपॅप (उत्पादनापूर्वी ग्राहकाची मंजुरी), एफएमईए (संभाव्य बिघाडांचे विश्लेषण), एमएसए (मोजण्याच्या पद्धतीची तपासणी) आणि एसपीसी (आकडेवारीने प्रक्रियेवर नियंत्रण) ही पाच साधने म्हणजे या प्रश्नांची उत्तरे देण्याच्या ठरलेल्या पद्धती आहेत. त्यांची नावे परदेशी असली तरी त्यांतला विचार चांगल्या फिटरला नवा नसतो.

आता त्या पत्राविषयी. आपला ग्राहक उगाच मागे लागलेला नाही. त्याच्या स्वतःच्या मानकातच, कलम ८.४.२.३ मध्ये, पुरवठादारांना टप्प्याटप्प्याने वर आणण्याचे बंधन आहे. किमान पायरी आयएसओ ९००१ ची आहे आणि शेवटची आयएटीएफच्या दाखल्याची. मध्ये एक पायरी अशी आहे की आयएसओचा दाखला कायम ठेवून वाहन उद्योगाच्या किमान अटी पाळायच्या आणि ग्राहकाने स्वतः येऊन ते तपासायचे. तेव्हा ग्राहकाला दाखलाच हवा आहे की मधली पायरी काही काळ चालेल, हे लेखी विचारून घ्या. पंधरा-वीस माणसांच्या कारखान्यात या एका प्रश्नाने पुष्कळ खर्च पुढे ढकलता येतो, आणि तो विचारायला बहुतेक जण का संकोचतात हे मला अजून कळलेले नाही.

मुदतीचे म्हणाल तर प्रमाणपत्राच्या ऑडिटच्या वेळी अंतर्गत ऑडिट, व्यवस्थापनाचा आढावा आणि कामगिरीचे आकडे हे सारे बारा महिन्यांचे दाखवावे लागते, त्यामुळे आज सुरुवात केली तरी वर्षाच्या आत ते बसत नाही. ‘तीन महिन्यांत दाखला’ अशी जाहिरात दिसली तर समोरच्याला दोनच प्रश्न विचारा : दाखला देणारी संस्था आयएटीएफने मान्य केलेली आहे का, आणि दाखल्यावर येणारा आयएटीएफ क्रमांक आयएटीएफच्या संकेतस्थळावर तपासता येईल का. सल्ला देणारा आणि दाखला देणारा एकच असू शकत नाही, आणि ऑडिट चालू असताना सल्लागाराला आपल्या बाजूने उत्तरे देता येत नाहीत, हेही लक्षात ठेवा. दाखला तीन वर्षांचा असतो आणि दरम्यान देखरेखीची ऑडिटे होत राहतात. या साऱ्याचे नियम वेगळ्या पुस्तिकेत आहेत. तिची सहावी आवृत्ती १ जानेवारी २०२५ पासून लागू झाली आहे, म्हणून शेजारच्या कारखान्याचा पाच वर्षांपूर्वीचा अनुभव तसाच्या तसा प्रमाण मानू नका.

आम्ही गाड्यांचे मॅट आणि सीट कव्हर बनवून कोल्हापूर-गोव्याच्या दुकानांना देतो. आम्हाला हा दाखला मिळेल का?
— एक वाचक, कुडाळ

मिळणार नाही. वाहन कंपनीने ठरवून दिलेल्या मापाचा आणि दर्जाचा भाग जिथे प्रत्यक्ष तयार होतो, त्या जागेलाच हा दाखला मिळतो. मग तो भाग नव्या गाडीत बसणारा असो, कंपनीच्या सेवा केंद्रात जाणारा असो किंवा कंपनीने मागवलेली ॲक्सेसरी असो. खुल्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालाला तो लागू होत नाही. आयएसओ ९००१ आपल्याला पुरेसे आहे. पुढे एखाद्या वाहन कंपनीशी बोलणी सुरू झाली आणि बारा महिन्यांचे आकडे अजून हाती नसले, तर तेवढ्यापुरते अनुरूपता-पत्र मिळण्याची सोय नियमांत आहे, पण ते दाखल्याच्या जागी चालत नाही.

२०२१ च्या पुरात आमच्या कारखान्यात चार फूट पाणी होते. ऑडिटरने आपत्कालीन योजना मागितली तेव्हा सल्लागाराने करून दिलेली आठ पानांची योजना दाखवली, तरीही त्रुटी निघाली. पूर येणार नाही अशी हमी आम्ही कशी देणार? योजनेची प्रत सोबत पाठवत आहे.
— एक कारखानदार, महाड

हमी कोणीच मागत नाही. कलम ६.१.२.३ एवढेच विचारते की माल बनवणे किंवा पोचवणे थांबेल अशी कोणती कारणे आपल्याला ठाऊक आहेत, तसे झाले तर काय करायचे ठरले आहे, ते कधी करून पाहिले आहे का, आणि वरिष्ठांनी वर्षातून एकदा तरी त्याकडे पाहिले आहे का. त्यांत यंत्राचा बिघाड, वीज जाणे, मनुष्यबळ कमी पडणे, वाहतूक तुटणे, आग, साथीचा रोग, संगणकावरचा हल्ला आणि वारंवार येणाऱ्या नैसर्गिक आपत्ती यांची नावे आहेत.

आपण पाठवलेली योजना मी दोनदा वाचली. तिच्या तिसऱ्या पानावर हिमवृष्टी आहे. सावित्री नदीचे नाव आठही पानांत नाही. कुठल्यातरी दूरच्या कारखान्याचा कागद नाव बदलून आपल्याकडे आला असावा, आणि मला वाटते ऑडिटरलाही तेच दिसले असणार.

महाडच्या कारखान्याने आपली यादी शेजाऱ्यांच्या आठवणीतूनच लिहावी. २६ जुलै २००५ आणि २२ जुलै २०२१ हे दोन पूर. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महामार्गावरचा सावित्रीचा जुना पूल वाहून गेला ती घटना. ३ जून २०२० चे निसर्ग चक्रीवादळ, ज्यानंतर रायगड आणि रत्नागिरीच्या कितीतरी गावांत दिवसच्या दिवस वीज नव्हती. एवढे लिहिले की ‘वारंवार येणाऱ्या आपत्ती’ म्हणजे काय हे वेगळे समजावावे लागत नाही. यांत दोन गोष्टी आणखी घाला, ज्या पुण्याच्या सल्लागाराला सुचत नाहीत. एक म्हणजे गणेशोत्सव. त्या दिवसांत महामार्गावर अवजड वाहनांना बंदी असते आणि त्याच दिवसांत निम्मी माणसे रजेवर असतात, म्हणजे माल बनवणारे हात आणि माल नेणारी गाडी एकाच वेळी थांबतात. दुसरी म्हणजे शिमगा. गावची पालखी दारी येणार असताना कोणी कामावर येत नाही आणि ती अपेक्षा करणेही बरोबर नाही. मागच्या तीन वर्षांचे हजेरीपट काढून त्या आठवड्यांतली रोजची हजेरी एका तक्त्यात मांडा. मनुष्यबळ कमी पडण्याच्या धोक्याचा याहून पक्का पुरावा कोणता हवा?

मग उपाय, आणि तेही इतके ठोस की नवा सुपरवायझर रात्री दोन वाजता ते वाचून कामाला लागेल. नदीच्या पातळीवर कोण लक्ष ठेवणार आणि कोणत्या खुणेला पाणी आले की यंत्रांचा मुख्य स्विच बंद करायचा. २०२१ ची पाण्याची खूण भिंतीवर असेल तर विजेचे पॅनेल तिच्या किती वर घेतले. मास्टर गेज, साचे, आराखडे आणि संगणकातल्या माहितीची प्रत कोणत्या मजल्यावर. मृग लागण्यापूर्वी ग्राहकाच्या जवळ, चाकणला भाड्याच्या जागेत, किती दिवसांचा तयार माल ठेवायचा. आणि ग्राहकाला कोणी, किती तासांत कळवायचे. रस्त्याचा पर्याय लिहिताना विशेष जपा. आपल्या योजनेत ताम्हिणी बंद पडल्यास वरंधा घाट असे लिहिले आहे. पावसाळ्यात वरंधा घाट अवजड वाहनांना बंद असतो हे महाडकराला सांगायला नको, आणि ज्याने हे लिहिले तो महाडचा नाही हे त्या एका ओळीवरून कळते. पेण-खोपोली मार्गे वळसा लांबचा असला तरी लिहिण्यासारखा तोच आहे.

योजना करून पाहणे हाच भाग बहुतेक ठिकाणी राहतो. मे महिन्यातल्या एखाद्या सुटीच्या दिवशी मुख्य स्विच खरोखर पाडा, जनरेटर किती मिनिटांत भार घेतो ते घड्याळ लावून पाहा, मास्टर गेजची पेटी वर नेऊन दाखवा, आणि योजनेत लिहिलेल्या प्रत्येक क्रमांकावर दूरध्वनी करून तो लागतो का ते पाहा. दोन क्रमांक बंद निघतील. तेही लिहून ठेवा, कारण चाचणीत काहीच चुकले नाही अशी नोंद कोणाला खरी वाटत नाही.

शेवटची अट आपल्याला २०२१ मध्ये उपयोगी पडली असती. आपत्तीनंतर यंत्रे पुन्हा सुरू करताना, विशेषतः ती नेहमीच्या पद्धतीने बंद करायला वेळ मिळाला नसेल तर, माल पूर्वीसारखाच होतो आहे याची खात्री करून ती नोंदवायची असते. पाणी ओसरल्यावर स्पिंडलचे वंगण, कूलंटची टाकी, मोजमापाची उपकरणे तपासायची, पहिले नग पूर्ण मोजायचे, अर्धवट राहिलेला लॉट वेगळा काढायचा, हा क्रम आधीच लिहिलेला असावा. चिखल काढता काढता तो कोणाला सुचत नाही.

जाता जाता एक जोड : फेब्रुवारी २०२४ मध्ये आयएसओ ९००१ मध्ये दुरुस्ती होऊन हवामान बदल आपल्या कामाला लागू पडतो का याचा विचार करणे आवश्यक झाले आहे. तेथे जगाच्या तापमानावर परिच्छेद लिहू नका. भिंतीवरची पाण्याची खूण आणि वर लिहिलेल्या तारखा पुरे आहेत.

मी मिरजोळे वसाहतीतल्या कारखान्यात तपासनीस आहे. आमच्या सगळ्या उपकरणांचे कॅलिब्रेशन वेळेवर होते. तरी एमएसए करा असा आग्रह आहे. कॅलिब्रेशन झाले म्हणजे उपकरण बरोबर नाही का?
— एक वाचक, रत्नागिरी

उपकरण बरोबर आहे, पण त्याने घेतलेले माप बरोबर आहे असे त्यावरून ठरत नाही. कॅलिब्रेशन प्रयोगशाळेत होते. तिथला हात सरावाचा असतो आणि समोरचा नग प्रमाणित असतो. आपल्या टेबलावर उपकरण तेच असते, पण हात तीन पाळ्यांचे तीन असतात, नग तेलकट असतो आणि घाई असते. एमएसए या साऱ्याला मिळून तपासते.

सर्वसाधारण पद्धत अशी की दहा नग घ्यायचे, तीन माणसांनी प्रत्येक नग तीनदा मोजायचा आणि त्या नव्वद मापांतला किती फरक नगांचा आणि किती मोजण्याचा, हे गणिताने वेगळे काढायचे. मोजण्याचा वाटा १० टक्क्यांच्या आत आला तर उत्तम, ३० टक्क्यांच्या वर गेला तर ती पद्धत वापरण्याजोगी नाही, आणि मधल्या पट्ट्यात भाग किती महत्त्वाचा आहे यावर निर्णय. आकडेमोड संगणक करतो. माणसाच्या चुका मात्र आधीच होऊन गेलेल्या असतात. दहाही नग एकाच तासाच्या मालातून उचलले तर त्यांच्यात फरकच नसतो आणि निकाल विनाकारण वाईट येतो, म्हणून नग वेगवेगळ्या दिवसांचे, वेगवेगळ्या यंत्रांचे घ्या. नगांवरचे क्रमांक मोजणाऱ्याला दिसू देऊ नका. एकाचे आकडे दुसऱ्याला ऐकू जाता कामा नयेत. आमच्या वेळी एकजण मोठ्याने वाचायचा, बाकीचे माना डोलवायचे आणि अभ्यास सुंदर यायचा.

आपण पत्रात रबरी बुशचा उल्लेख केला आहे. रबराचा व्यास व्हर्निअरने मोजताना जबडा किती दाबला यावर माप ठरते, त्यामुळे तिथे तीन माणसांची तीन मापे येणारच; माणसांना प्रशिक्षण देण्याऐवजी न दाबता मोजणारी पद्धत शोधणे हाच उपाय आहे.

तापमानाकडेही पाहा. लांबीच्या मापांसाठी जगभर २० अंश सेल्सिअस हे प्रमाण तापमान धरले जाते. १०० मिलिमीटर लांबीचा पोलादी नग १० अंशांनी तापला की साधारण ११ ते १२ मायक्रॉन वाढतो. मे महिन्यात रत्नागिरीच्या पत्र्याच्या शेडमध्ये यंत्रावरून काढलेला नग लगेच मोजला, तर कधी कधी सगळी सूट त्यातच संपते. नग आणि मास्टर एकाच टेबलावर काही वेळ शेजारी ठेवून मग मोजणे हा बिनखर्चाचा उपाय आहे.

आणि एक काम करा : कॅलिब्रेशन करणाऱ्या बाहेरच्या प्रयोगशाळेकडे आयएसओ १७०२५ ची मान्यता, म्हणजे आपल्याकडे एनएबीएल या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या मंडळाची, आहे एवढे पाहून थांबू नका. मान्यतेच्या व्याप्तीत आपले उपकरण आणि त्याची मापकक्षा आहे का तेही वाचा. अनेकदा नसते.

सप्टेंबरपासून ग्राहकाकडून गंजाच्या तक्रारी येत आहेत. आमच्याकडून निघताना माल स्वच्छ असतो. समुद्राची हवा आहे, त्याला आम्ही काय करणार?
— एक वाचक, रत्नागिरी

समुद्राला दोष देण्यापूर्वी गंजलेला नग भिंगाखाली धरून पाहा. मी एका कारखान्यात गुणवत्ता विभाग सांभाळत असताना जुलैत आमच्या पिनांची अख्खी खेप घाटावरून परत आली. गंज सगळीकडे नव्हता. प्रत्येक पिनेच्या मध्यावर तांबूस ठिपका होता, आणि भिंगातून पाहिले तर त्यात अंगठ्याच्या रेघा मोजता येत होत्या. शेवटच्या तपासणीवर बसणाऱ्यांचे हातमोजे संपले होते आणि खरेदी विभागाने ते आठवडाभर आणले नव्हते. घामात मीठ असते आणि तेवढे पुरते. दुसरी चूक त्याहून आमची होती : धुण्याच्या यंत्रातून निघालेल्या गरम पिना आम्ही गार होऊ न देता पिशवीत भरून तोंड बांधत होतो, त्यामुळे रात्री घाटात पिशवीच्या आत दव धरत होते. त्या वर्षीचे आमचे ग्राहक-तक्रारींचे उद्दिष्ट त्या एका खेपेतच बुडाले.

म्हणून नग खोलीच्या तापमानाला आल्यावरच भरणे, हातमोजे, गंजरोधक व्हीसीआय पिशव्या आणि त्यांची तोंडे नीट बंद करणे, पुठ्ठ्याचे खोके थेट जमिनीवर न ठेवणे, आधी आलेला माल आधी काढणे, या गोष्टी कंट्रोल प्लॅनमध्ये, म्हणजे कोणत्या टप्प्यावर काय तपासायचे त्या तक्त्यात, लिहा, कलम ८.५.४ ची जपणुकीची अट त्यात येते. साठ्यातला माल ठरावीक काळाने उघडून पाहण्याची अटही तिथेच आहे.

आपण झिंक प्लेटिंग बाहेरून करून घेता असे पत्रावरून दिसते. मिठाच्या फवाऱ्याच्या चाचणीत, म्हणजे ३५ अंशांना ५ टक्के मिठाच्या पाण्याच्या धुक्यात, नग अमुक तास टिकला याचा अर्थ तो आपल्या गोदामात अमुक महिने टिकेल असा होत नाही. ती चाचणी दोन लॉटमधला फरक दाखवते आणि प्लेटिंगवाल्याचे काम घसरले तर इशारा देते. प्लेटिंगची प्रक्रिया तपासण्यासाठी सीक्यूआय ११ हा तक्ता आहे, उष्णोपचारासाठी सीक्यूआय ९. ग्राहकाने मागितले नसले तरी वर्षातून एकदा तो हातात घेऊन प्लेटिंगवाल्याकडे एक दिवस काढा.

आमची एफएमईए सल्लागाराने केली आहे आणि ती इंग्रजीत आहे. कामगारांना ती समजत नाही. मराठीत कागदपत्रे केली तर ऑडिटर मान्य करतो का?
— एक अभियंता, लोटे

मान्य करतो, इतकेच नव्हे तर कामाच्या सूचना त्या पाळणाऱ्या माणसांना समजणाऱ्या भाषेत असल्या पाहिजेत असे मानकच कलम ८.५.१.२ मध्ये सांगते. आपल्या यंत्रावर बिहारचा आणि ओडिशाचा मुलगा उभा असेल तर मराठीही पुरणार नाही. तिथे हिंदी आणि छायाचित्रे लावा. एफएमईए इंग्रजीत राहिली तरी हरकत नाही, कारण ती यंत्रापाशी वाचायची नसते. ती यंत्रापाशी बसून करायची असते, आणि आपला घोटाळा तिथे झाला आहे.

ज्याने कधी तो प्रेस चालवला नाही त्याला बिघाडाची कारणे कुठून सुचणार? चार माणसे घ्या : प्रेसवरचा जुना कारागीर, साचा दुरुस्त करणारा, तपासनीस आणि आपण. मागच्या वर्षीचे रिजेक्शन आणि ग्राहकाच्या तक्रारी समोर ठेवा. प्रत्येक तक्रार एफएमईएत कोणत्या ओळीला सापडते ते शोधा. जी सापडत नाही ती नवी ओळ. पूर्वी गांभीर्य, घडण्याची शक्यता आणि पकडले जाण्याची शक्यता यांच्या १ ते १० गुणांचा गुणाकार करून मोठ्या आकड्यामागे लागत असत. त्यामुळे ब्रेकचा भाग तुटण्याची शक्यता आणि रंगावरचा ओरखडा कधी कधी एकाच आकड्यावर येऊन बसत. २०१९ च्या अमेरिकी-जर्मन संयुक्त पुस्तिकेने तो गुणाकार सोडून कृतीची निकड उच्च, मध्यम की कमी, हे ठरवण्याची रीत आणली आणि त्यात गांभीर्याला पहिला मान दिला. कोणती रीत वापरायची ते ग्राहकाच्या खास अटींत पाहा.

आयएसओ १४००१, आयएसओ ४५००१ आणि झेड यांपैकी आधी काय घ्यावे? सरकारी मदत मिळते का?
— एक महिला उद्योजक, सावंतवाडी

१४००१ पर्यावरणाचे आणि ४५००१ कामगारांच्या सुरक्षिततेचे. दोन्हींचा सांगाडा आयएसओ ९००१ सारखाच असल्याने एकत्र करणे सोपे जाते, पण वाहन कंपन्यांच्या पत्रांत आधी १४००१ येते. केंद्राच्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग मंत्रालयाची झेड (झीरो डिफेक्ट, झीरो इफेक्ट) योजना निराळी आहे. तिच्यात कांस्य, रौप्य आणि सुवर्ण अशा पायऱ्या असून प्रमाणपत्राच्या खर्चात सूक्ष्म उद्योगाला ८० टक्के, लघु उद्योगाला ६० टक्के आणि मध्यम उद्योगाला ५० टक्के सवलतीची तरतूद आहे. महिलांच्या मालकीच्या उद्योगांसाठी सवलत त्याहून जास्त आहे, तेव्हा अर्ज भरण्यापूर्वी उद्यम नोंदणीत मालक म्हणून आपले नाव आहे की घरातल्या दुसऱ्या कोणाचे, ते आधी पाहून घ्या. झेडमुळे आयएटीएफची अट पुरी होत नाही. परंतु कांस्य पायरीसाठी स्वच्छता, सुरक्षा आणि नोंदींची जी शिस्त लागते ती पुढे कामी येते, आणि पाच-सहा माणसांच्या कारखान्याने तिथूनच सुरुवात करावी असे माझे मत आहे.